उंडा, भाकरी आणि पेशीचं माप

सोलापुरात भाकरी थापणाऱ्या कुणालाही विचारा: उंडा तेवढाच, पण परातीत थापला की पसरतो किती! काचेवर वाढवलेल्या पेशीचंही तसंच आहे. जेलमध्ये गोल राहिलेली १६ मायक्रॉन (१ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) व्यासाची पेशी वरून मोजली तर क्षेत्रफळ भरतं सुमारे २०० चौरस मायक्रॉन. तीच काचेला चिकटून सरासरी ३ मायक्रॉन जाडीची झाली की ७१५. आकारमान दोन्हीकडे तेच, साधारण २१४५ घन मायक्रॉन. टूडी फोटोवरून ‘पेशी वाढली’ म्हणणाऱ्याला म्हणूनच इकडे युरोपातल्या प्रयोगशाळांत पहिला प्रश्न येतो, वाढली की पसरली?

सोलापूरहून संशोधनासाठी युरोपात येणाऱ्यांनी हे निघण्याआधीच पक्कं करावं. इथे कॉन्फोकल मायक्रोस्कोप (नमुन्याचा एकेक पातळ थर वेगळा टिपणारा) बहुधा सामायिक असतो, तासावर बुक करावा लागतो, आणि त्या तासाचे पैसे गाईडच्या प्रकल्पातून जातात.

थ्रीडीसाठी फोकस थोडा थोडा सरकवत एकाखाली एक काप टिपायचे. कडक भाकऱ्यांची चवडच म्हणा. २० पट, एनए (भिंग किती रुंद कोनातून प्रकाश घेतं त्याचं माप) ०.८ चं भिंग असेल तर दोन कापांमधलं पाऊल १ मायक्रॉनच्या आत-बाहेर; तेलाच्या १.४ एनए भिंगाला ०.३ पुरे. त्याहून बारीक कापून माहिती वाढत नाही, रंग तेवढा विझतो. १०२४ बाय १०२४ चे, १६ बिटचे, दोन रंगांतले ६० काप म्हणजे २५० एमबी, तेही एकाच जागेचे. पेशींचा एकच थर असेल आणि फक्त संख्या हवी असेल, तर हा खटाटोप करूच नये.

चवड सपाट करून एकच चित्र काढलं की एकाखाली एक असलेली दोन केंद्रकं एक होतात आणि मोजणी कमी भरते. काचेपासून ६० अंशांत उभी कललेली लांबट पेशी तर निम्म्याच लांबीची दिसते.

सगळ्यात जास्त चुका उभ्या मापात होतात. दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून टिफ फाइल आणली की कापांमधलं अंतर हरवू शकतं. फिजी हे चित्रं मोजायचं सॉफ्टवेअर उघडून इमेज मेनूतल्या प्रॉपर्टीजमध्ये ‘वोक्सेल डेप्थ’ पाहा. खरं अंतर ०.५ असताना तिथे १ राहिलं, तर प्रत्येक आकारमान दुप्पट. दुसरी खोड भिंगाची. हवेचं भिंग पाण्यातल्या नमुन्यावर वापरलं तर स्टेज १ मायक्रॉन हलतो तेव्हा फोकस १.३ हून थोडा जास्तच सरकतो. दुरुस्ती केली नाही तर जेलमध्ये वाढवलेले पेशींचे गोळे चपटे निघतात. तेलाच्या भिंगाने उलट, उभट. त्याच जेलमध्ये १० मायक्रॉनचे चमकणारे मणी घालून आधी ते गोल येतात का, ते तपासा. कव्हरस्लिपखाली (नमुन्यावरच्या पातळ काचेखाली) जागा राखणारा स्पेसर नसेल तर गोळा खरोखरच चेपतो. तिथे सॉफ्टवेअर काय करणार!

४०० मायक्रॉनच्या गोळ्यात मधोमध काळोख दिसला म्हणून ‘गाभा मेला’ लिहू नका. नमुना पारदर्शक केला नसेल तर साधारण १०० मायक्रॉनपलीकडे प्रकाशच नीट पोहोचत नाही, रंग घेऊन जाणारी अँटीबॉडीही रेंगाळते. वरच्या कापांसाठी लावलेला थ्रेशोल्ड (किती उजेडापासून पुढे मोजायचं ती मर्यादा) खालची केंद्रकं गिळून टाकतो. गोळा गोठवून, काप काढून, रंगवून खात्री करावी.

सरावाला मायक्रोस्कोप लागत नाही. फिजी फुकट आहे, घरच्या लॅपटॉपवर चालतं. त्यातल्या नमुना चित्रांत ‘कॉन्फोकल सीरिज’ आहे. ती आधी सपाट करून मोजा, मग ‘थ्रीडी ऑब्जेक्ट्स काउंटर’ने, आणि दोन्ही आकडे वहीत शेजारीशेजारी लिहा.