टायर चढलं होतं, पण बसलं नव्हतं

सायकलचं मागचं टायर बदललं. एवढ्याशा गोष्टीवर काय लिहायचं असं वाटून दोन दिवस गप्प बसले होते, पण चार संध्याकाळी त्यात गेल्या, दोन ट्यूब गेल्या आणि दोन्ही अंगठे अजून दुखतायत, त्यामुळे लिहितेच.

इथे आल्यापासून माझं सगळं सायकलवर आहे. कामावर जाणं, सामान आणणं, सगळंच. टायरच्या बाजूला चिरा पडून आतले धागे दिसायला लागले म्हणून नवीन मागवलं. मापाची चूक मी केली नाही, हे आधीच सांगते, कारण घरच्यांचा पहिला प्रश्न तोच होता. टायरवर ३७-६२२ असं लिहिलेलं असतं. ३७ म्हणजे मिलिमीटरमधली रुंदी आणि ६२२ म्हणजे टायरची कड रिमवर जिथे बसते तिथला व्यास. त्या '२८ इंच' वर कुणी जाऊ नका. बाबांच्या जुन्या उंच सायकलचं टायरही २८ इंचीच, पण तिथे तो आकडा ६३५ असतो. नाव एकच आणि फरक १३ मिलिमीटरचा, कसं बसणार!

तर माप बरोबर होतं, तरी शेवटचा वीतभर भाग काही केल्या आत जाईना. दादाला व्हिडिओ कॉल लावला. "अगं, जोर लाव की. स्क्रूड्रायव्हर घाल आणि ढकल." घातला, ढकललं, गेलं आत. पंप मारला तर फुस्स. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने ट्यूब चिमटली होती. दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशी मात्र हवा टिकली, मी इतकी खूश झाले की तशीच एक चक्कर मारून आले, आणि बसल्या जागी कळलं की चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला खालून एक उचकी लागतेय. सायकल उलटी करून चाक फिरवलं तर टायर एका जागी खाली दबलेलं. चाक आउट मारत होतं, रिम मात्र सरळ.

आता मला जे सगळ्यात जास्त खटकलं ते. ज्याला विचारलं त्याने, इथल्यांनी आणि तिकडच्यांनीही, एकच सांगितलं की चालवत राहा, आपोआप बसेल. का बसेल? टायरच्या कडेत तार असते, नाहीतर न ताणणारे धागे असतात, ती कड काही रबरासारखी लांबत नाही. एका जागी ती खाली अडकली की समोरच्या बाजूला तेवढी वर सरकते. म्हणजे आपण बघत बसतो तो खड्डा आणि धोका असतो त्याच्या समोर, जिथे कड रिमवरून निसटून ट्यूब बाहेर येऊ शकते आणि फुटते. हे पुढच्या चाकाला, उतारावर झालं तर? कधीकधी बसतं आपोआप, नाही असं नाही, पण तो नशिबाचा भाग झाला, आणि ज्याच्यावर रोज बसून रस्त्यावर जायचं ते नशिबावर सोडायचं हे मला पटत नाही. इतक्या सहज कुणी असं सांगतं याचा मला अजूनही राग येतो.

चौथ्या संध्याकाळी खाली सायकली लावतो तिथे हे सगळं घेऊन बसले होते, तर खालच्या मजल्यावरचे आजोबा आले. आजवर आमचं फक्त हसण्यापुरतं. त्यांनी चाक बघितलं, मग माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर काढून घेतला आणि सरळ स्वतःच्या खिशात टाकला. मला वाटलं आता हे करून देतील. नाही! ते शेजारच्या पायरीवर बसले आणि बोटाने दाखवत राहिले, तासभर. टायरला हात लावला नाही.

खरं सांगते, पहिली पंधरा मिनिटं मला ते फार लागलं. माणूस अंगठे चोळतेय, तुम्हाला दोन मिनिटांचं काम, आणि तुम्ही बघत बसता? घरी असते तर दादाने "सरक, मी करतो" म्हणून कधीच चाक ओढून घेतलं असतं. त्याला मी कमीपणा मानत नाही. ती माया आहे आणि तीच मला हवी होती त्या वेळी. आपल्याकडे मुलींना काही शिकवत नाहीत वगैरे इथे लोक लगेच बोलतात, ते मी ऐकून घेत नाही. मला कुणी अडवलं नव्हतं, माझ्या वाट्याचं काम कुणीतरी आनंदाने करत होतं, इतकंच. पण हेही खरं की तीस वर्षांत मी रिमच्या आत एकदाही बोट घालून बघितलं नव्हतं.

आजोबांनी पहिलं तेच करायला लावलं. रिमच्या मधोमध एक घळ असते, दोन्ही कडांच्या बसायच्या जागेपेक्षा खोल. सगळी गंमत त्या घळीत आहे. समजा ती ३ मिलिमीटर खोल असेल, तर कड पूर्ण तिच्यात उतरवली की परिघात जवळजवळ १९ मिलिमीटर ढील मिळते. माझा वीतभर भाग तेवढ्यासाठीच अडला होता! नंतर वाचलं तर डनलॉपने १८८८ मध्ये हवेचं टायर केलं ते चाकाला चिकटवलेलंच असायचं, आणि तारेची कड नि मध्ये खोल असलेली रिम ही जोडी वेल्च नावाच्या माणसाने १८९० मध्ये पेटंट केली. एवढी जुनी सोय हाताखाली असून मी तिच्या विरुद्ध जोर लावत होते.

आणि मी सुरुवात करत होते व्हॉल्व्हपासून. तिथे व्हॉल्व्हचं बूड आणि ट्यूब मध्ये येते, कड घळीत उतरूच शकत नाही, मग ढील कुठून मिळणार? म्हणून सुरुवात व्हॉल्व्हच्या बरोबर समोर करायची आणि शेवट व्हॉल्व्हपाशी. ट्यूबमध्ये आकार येण्यापुरती चिमूटभर हवा. मग दोन्ही हातांनी टायर दोन्ही बाजूंनी चिमटत, कडा मध्ये ढकलत, उरलेली ढील व्हॉल्व्हकडे ओढत आणायची, पुन्हा पुन्हा. माझ्या रिममध्ये आधीच्या मालकाने रबरी पट्टीचे दोन थर घातले होते, त्याने घळ निम्मी भरून गेलेली. ते काढून एक पातळ पट्टी घातली आणि शेवटचा भाग नुसत्या अंगठ्यांनी आत गेला. हत्यार नाही, काही नाही. मी ओरडलेच.

आजोबा उठले नाहीत. चढवणं वेगळं आणि बसवणं वेगळं, हे तेव्हा कळलं. टायरच्या बाजूला, रिमला लागून एक बारीक उठलेली रेघ असते. मी रोज टायर पुसते पण ती कधी दिसली नव्हती. ती रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे, दोन्ही बाजूंना. आधी व्हॉल्व्ह आत ढकलून परत बाहेर ओढायचा, म्हणजे तिथे कडेखाली ट्यूब दबलेली राहत नाही. चाकभर टायर बाजूला सारून ट्यूब कुठे डोकावत नाही ना ते बघायचं. मग थोडी हवा, चाक फिरवून रेघ बघायची. माझी एका जागी रिमखाली गडप. कोरडं रबर रिमला धरून ठेवतं, म्हणून हवा सोडली, तिथे कडेला साबणाचं पाणी लावलं, हाताने हलवून मोकळं केलं, परत हवा. टायरवर आणि रिमवर जो जास्तीत जास्त दाब लिहिलेला असतो त्यातला कमी आकडा धरायचा, त्याच्या पुढे कितीही मोह झाला तरी जायचं नाही. (टायरची कड धरून ठेवणारी आत वळलेली धार, म्हणजे हूक, नसलेल्या नव्या रिम असतील त्यांनी तर नक्कीच, तिथे ५ बार दाबाची मर्यादा आहे.) तिसऱ्या खेपेला टक् असा आवाज झाला, मग आणखी एक टक्, आणि रेघ वर आली. मग हवा रोजच्या दाबापर्यंत उतरवली. चाक फिरवलं तर ती रेघ स्थिर, जशी काही हलतच नाहीये. मी किती वेळ नुसती बघत बसले.

स्क्रूड्रायव्हर त्यांनी जाताना परत दिला. मी आभार मानले तर त्यांनी फक्त चाक पुन्हा एकदा फिरवून बघितलं.

दादाला हे सगळं सांगितलं तर आधी म्हणाला, एवढं काय त्यात. काल रात्री त्याचा फोटो आला, त्याच्या स्वतःच्या सायकलच्या पुढच्या चाकाचा. "ही रेघ का?" व्हॉल्व्हपाशी बोटभर रेघ रिमखाली गेलेली. त्याला लिहिलं, आधी हवा सोड आणि व्हॉल्व्ह आत ढकल.