ओळ गाळायची म्हणून आम्ही डोळ्यांच्या मागे लागलो

लेक तिसरीत असताना वाचता वाचता ओळ गाळायची, पुन्हा मागच्या ओळीवर यायची, 'कमल'चं 'कलम' करायची. चष्म्याचा नंबर नव्हता. एका ठिकाणी सांगितलं, दोन्ही डोळ्यांचा ताळमेळ नाही म्हणून वाचन अडतंय. मग पाच महिने रोज संध्याकाळी पेन्सिल नाकाजवळ आणायची, दोऱ्यातल्या मण्यांवर नजर ठेवायची. वाचन होतं तिथंच राहिलं. पैशांपेक्षा त्या संध्याकाळी वाया गेल्या याचं मला अजून वाईट वाटतं.

आठ वर्षं पूर्ण झाल्यावर मुंबईतल्या एका पालिका रुग्णालयात अध्ययन अक्षमतेच्या तपासणीसाठी नाव घातलं. बऱ्याच खेपा झाल्या. डोळे, कान, बुद्ध्यांक, मग वाचन-लेखन-गणित. नेत्रविभागातल्या डॉक्टरबाईंनी जवळचं बघताना दोन्ही डोळे नीट आत वळतात का ते पाहिलं. वळत होते. मग तिला विचारलं, "अक्षरं हलतात का गं?"

"नाही. मला तो शब्दच येत नाही."

इतक्या महिन्यांत मी तिला हे एकदाही विचारलं नव्हतं.

बाईंनी समजावलं: वाचताना कुणाचीच नजर सलग सरकत नाही, ती उड्या मारते आणि प्रत्येक थांब्यावर साधारण पाव सेकंद टेकते. शब्द ओळखता आला नाही की थांबा लांबतो, नजर मागे फिरते. डिस्लेक्सियात, म्हणजे वाचनाच्या अध्ययन अक्षमतेत, अडचण असते ती अक्षर आणि आवाज जुळवण्यात. नजरेची धडपड त्यातून येते. अमेरिकेतल्या बालरोग आणि नेत्ररोग तज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ सालीच संयुक्त निवेदनात सांगितलंय की डोळ्यांच्या व्यायामांनी डिस्लेक्सिया सुधारतो याला पुरावा नाही. डोळे आत वळण्यात खरंच कमतरता असेल, तर डोकेदुखी किंवा दोन-दोन दिसणं व्यायामानं कमी होऊ शकतं. पण वाचन शिकवावंच लागतं.

घरी येऊन तिला पहिलीचं पुस्तक दिलं. एकही ओळ गाळली नाही.

मग रेमेडियल, म्हणजे अशा मुलांसाठीचं खास शिकवणं, सुरू झालं, आठवड्यातून दोनदा. आपली लिपी या मुलांना किती कोड्यात टाकते ते मला तेव्हा कळलं. 'किरण'मधली वेलांटी आधी दिसते, उच्चार मागून येतो. रफाराचं नेमकं उलटं. टीचर शब्द आधी टाळ्या वाजवून फोडायला लावत, मग रव्यात बोटानं गिरवायला, पुस्तक सगळ्यात शेवटी.

अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र मिळालं, परीक्षेत जादा वेळही मिळतो. वाचन अजून सावकाशच आहे. परवा 'कार्यालय' अशी पाटी दिसली तशी थांबली, बोट वर करून म्हणाली, "आई, यातला र डोक्यावर बसलाय, पण आधी म्हणायचा."