आयलंडमधला एस

मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही 'आयलंड'चं स्पेलिंग विचारा. तो आधी मनातल्या मनात 'इसलँड' म्हणेल आणि मगच अक्षरं सांगेल. पाठांतराची ती युक्ती बहुतेकांना बाईंनीच दिलेली असते. उच्चारायचा नाही तर हा एस तिथे करतो काय, असं विचारलं की 'इंग्रजीत असंच असतं' हे ठरलेलं उत्तर.

खरं तर इंग्रजीतही तसं नव्हतं. जुन्या इंग्रजीत 'ईग' म्हणजे बेट. त्याला जमिनीचा 'लांड' जोडून झालं 'ईगलांड'. ईगचं लांबचं नातं लॅटिन 'अक्वा'शी, म्हणजे पाण्याशी. एकूण काय, पाण्यातली जमीन. पुढे बोलताबोलता मधला 'ग' झिजला. लिहिणारे सुरुवातीला कधी आय घालत, कधी वाय. एस मात्र कुणी घालत नसे.

तो आला 'आयल'कडून. हा फ्रेंचांकडून आलेला पाहुणा, अर्थ बेटच, पण मूळ लॅटिन 'इन्सुला'. त्याच्यातला एस वडिलोपार्जित. पंधराव्या-सोळाव्या शतकात इंग्रज पंडितांना लॅटिनचं वेड लागलं होतं. दोन्ही शब्दांचा अर्थ एक, तोंडावळा सारखा, तेव्हा रक्ताचं नातं असणारच, असं धरून चालल्याने आयलंडलाही एस चिकटला. चार पैसे आल्यावर भाटाकडून सूर्यवंशापर्यंत वंशावळ लिहून घ्यावी, त्यातलाच प्रकार. तरी १६११ च्या राजा जेम्सच्या बायबलात हा शब्द एसविना छापलेला आहे.

'डेट', म्हणजे कर्ज, यातला मुका बी त्याच वेडातला. फ्रेंचांकडून शब्द आला तो बीशिवाय. लॅटिन 'डेबिटुम'ची आठवण म्हणून बी मागाहून बसवला. शेक्सपिअरच्या एका नाटकातला शास्त्रीबुवा तर लोक हा बी उच्चारत नाहीत म्हणून कावतो. पण निदान त्या बीचं गोत्र खरं. आयलंडच्या एसला तेवढाही आधार नाही.

गंमत म्हणजे फ्रेंचांनी अठराव्या शतकात असले मुके एस काढून टाकले आणि आठवणीपुरती स्वरावर टोपी ठेवली. आपणही 'नांव', 'घरीं' यांवरचे न उच्चारले जाणारे अनुस्वार १९६२ च्या नियमांनी पुसले. त्या अनुस्वारांना संस्कृतातून आलेला इतिहास होता, तरी गेले. इंग्रजांनी मात्र उसना एस जपून ठेवला. मला हा हट्ट आवडतो, स्पेलिंग चुकलेल्या पोरांना आवडणार नाही.

खरा ईग गावांच्या नावांत शेपटीला उरलाय. केंटच्या किनाऱ्याजवळ शेपी नावाचं बेट आहे. शेपी म्हणजेच मेंढ्यांचं बेट. पण नकाशावर नाव छापतात 'आयल ऑफ शेपी'. मेंढीबेटाचं बेट! आपला पिवळा पीतांबर तरी काय वेगळा आहे?