‘रन’चं काय करायचं?

फाईल परत आली ती लाल रेघांनी भरूनच. सोबत क्यूए, म्हणजे गुणवत्ता तपासणाऱ्या सॉफ्टवेअरचा अहवाल जोडलेला: ‘एकाच मूळ शब्दासाठी अनेक प्रतिशब्द. विसंगती दूर करावी.’ शब्द होता ‘रन’.

काम एका सेंट्रिफ्युगल पंपाच्या मॅन्युअलचं होतं. पंप बसवायचा कसा, चालू कसा करायचा, आवाज करायला लागला तर आधी काय बघायचं, हे सगळं मराठीत आणायचं. अशी भाषांतरं मी बरीच वर्षं करते आहे आणि मला ती मनापासून आवडतात. कवितेचा अनुवाद फसला तर टीका होते. इथे फसला तर कुणाच्या तरी हाताला इजा होते. त्यामुळे प्रत्येक वाक्याला विचारावं लागतं, बाबा रे, तुला नक्की काय म्हणायचंय?

‘एका संज्ञेला एकच प्रतिशब्द’ या नियमाबद्दल मला आदर आहे, हे आधीच सांगते. तिसऱ्या पानावर ‘झडप’ लिहिलं आणि चाळिसाव्या पानावर ‘व्हॉल्व्ह’, तर फिटरला वाटतं हे दोन वेगळे भाग आहेत आणि तो दुसरा भाग शोधत बसतो. म्हणून शब्दसूची करतात, ती सगळ्यांनी पाळायची असते, आणि पाळली की नाही हे सॉफ्टवेअर तपासतं. सॉफ्टवेअरला आणखी एक सवय असते. तेच वाक्य पुन्हा आलं की आधीचं भाषांतर ते आपोआप भरतं, आणि अशा ‘पुनरावृत्ती’चे पैसे नव्या वाक्यापेक्षा कमी मिळतात किंवा मिळतच नाहीत. हिशेब सरळ आहे: शब्द तोच, तर अर्थ तोच.

‘इम्पेलर’च्या, म्हणजे पंपातल्या फिरत्या चाकाच्या, बाबतीत हे खरं आहे. ‘रन’च्या बाबतीत नाही.

मी अहवाल ओळीओळीने वाचत गेले. पंप ‘रन’ होतो तेव्हा मराठीत तो चालतो. पाइपचा ‘रन’ म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेला पाइपचा पल्ला. पंपात पाणी ओढणाऱ्या, म्हणजे सक्शनच्या, बाजूचा हा पल्ला शक्य तितका सरळ आणि आखूड ठेवा, असं मॅन्युअल सांगतं. केबल ‘रन’ करतात तेव्हा ती टाकतात किंवा ओढतात. बेअरिंग ‘हॉट रन’ होतं तेव्हा ते फक्त तापतं, त्यात चालण्याचा वेगळा उल्लेख करायची गरजच नसते. सिंगल फेज मोटरला दोन कपॅसिटर असू शकतात, स्टार्ट आणि रन. पहिला मोटरने वेग घेतला की सर्किटमधून बाहेर पडतो, दुसरा मोटर चालू असेपर्यंत सोबत राहतो. बाजारात तो ‘रन कपॅसिटर’ या नावानेच मागतात, तिथे मी मराठीचा हट्ट धरत नाही. नवा पंप सुरुवातीला ‘रन-इन’ करतात, म्हणजे भाग एकमेकांत बसेपर्यंत जपून चालवतात.

मग रनआउट. शाफ्ट फिरत असताना केंद्रापासून किती बाजूला जातो, ते मोजण्यासाठी डायल गेज लावतात, शाफ्ट हाताने सावकाश फिरवतात आणि सुई किती हलते ते पाहतात. हा झाला शाफ्टचा रनआउट. पुष्कळ पंपांसाठी तो ०.०५ मिलिमीटरच्या आत असावा असं सांगतात, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी. दोन पानं उलटली की ग्रीस ‘रन आउट’ होतं, म्हणजे संपतं. सॉफ्टवेअरने या दोघांना एका रांगेत उभं करून मला विचारलं होतं की प्रतिशब्द वेगळे का? तिसरा रनआउट क्रिकेटचा. तो या मॅन्युअलमध्ये आला नाही, एवढीच दया.

वाचता वाचता एक गोष्ट पुन्हा जाणवली. इंग्रजी जिथे धावतं तिथे मराठी बहुतेक वेळा चालतं. त्यांचं मशीन धावतं, आपलं चालतं. त्यांचं दुकान, घड्याळ, नाटक, सगळं धावत असतं; आपल्याकडे यातलं काहीच घाईत नाही. घाई तर सोडाच, कधी कधी आपल्याकडे क्रियाच बदलते. नाक वाहतं, कपड्याचा रंग जातो, निवडणूक लढवतात, ताप चढतो. ‘धावणे’ हा एकच प्रतिशब्द ठरवून सगळीकडे भरला असता, तर मॅन्युअल वाचणाऱ्याला वाटलं असतं की पंपाला पाय फुटलेत.

ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश करणाऱ्यांनाही हा शब्द सोपा गेलेला नाही. १९८९ च्या आवृत्तीत सगळ्यात लांब नोंद ‘सेट’ या क्रियापदाची होती, ४३० हून अधिक अर्थ. पुढे नव्या आवृत्तीसाठी एकेक शब्द तपासत गेले तेव्हा ‘रन’ने त्यालाही मागे टाकलं. नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ, आणि ती नोंद करायला पीटर गिलिव्हर या कोशकाराला सुमारे नऊ महिने लागले. उलट प्रिन्स्टन विद्यापीठात संगणकासाठी तयार झालेल्या वर्डनेट या शब्दकोशात याच क्रियापदाचे ४१ अर्थ दिलेत. दोन्हीकडे हुशार माणसं बसलेली, शब्द तोच, आकड्यांत मात्र एवढी तफावत. कारण एक अर्थ कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला याची रेघ शब्दात आखलेली नसते, ती आखणारा आखतो. इतिहास लिहिणाऱ्याची रेघ वेगळी, संगणकाला शिकवणाऱ्याची वेगळी. माझी रेघ मी पुष्कळ वर्षांपूर्वीच ठरवून टाकली आहे: वाचणाऱ्याचा हात वेगळं काही करणार असेल तर अर्थ वेगळा. केबल टाकणारा हात आणि बटण दाबणारा हात एक नाही, म्हणून तिथे शब्दही एक नाही.

(याचा अर्थ इंग्रजीच तेवढी घोळदार असा कुणी काढू नये. परभाषकाला ‘लागणे’ शिकवून बघा. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, झोप लागते, फोन लागतो, निकाल लागतो, नोकरी लागते, वेळ लागतो, वेड लागतं, झाडाला फळं लागतात, आणि वर ‘तुला काय लागेल ते सांग’. जॉर्ज झिफ या भाषाअभ्यासकाने १९४५ मध्येच दाखवलं होतं की जो शब्द जास्त वापरात, त्याला अर्थही जास्त. वापरून वापरून भांडं झिजतं, शब्द मात्र फुगतो.)

एवढं सगळं मी या कामाची देवघेव बघणाऱ्या समन्वयक मुलीला फोनवर सांगितलं. ती बिचारी ऐकून घेत होती.

“मॅडम, मला पटतंय सगळं. पण सिस्टम हिरवी झाल्याशिवाय फाईल पुढे सरकतच नाही.”

“मग मी फाईल पाठवताना जो प्रश्न विचारला होता त्याचं उत्तर तरी आलं का?”

“कुठला प्रश्न?”

तो प्रश्न या सगळ्याहून महत्त्वाचा होता. मॅन्युअलच्या सुरक्षेच्या प्रकरणात ठळक अक्षरात लिहिलं होतं की पंपाचा ‘ड्राय रन’ कधीही होऊ देऊ नये. आणि शेवटी, पंप पहिल्यांदा सुरू करण्याआधीच्या तपासणी यादीत एक ओळ होती: कमिशनिंगपूर्वी एक ‘ड्राय रन’ पूर्ण करावा. ती चौकट मी रिकामी सोडली होती आणि शेजारी लिहिलं होतं, ‘इथे नेमकं काय अभिप्रेत आहे ते कळवावं. पाण्याशिवाय पंप चालवायचा आहे का?’ सॉफ्टवेअरला त्या ओळीत काहीच खटकलं नव्हतं. उलट वरचं भाषांतर खाली जसंच्या तसं भरायची त्याने मला सूचनाच केली होती.

मुलीने तिथल्या तिथे कंपनीच्या इंजिनिअर साहेबांना फोनवर जोडून घेतलं. मराठी मजकूर तेच तपासणार होते. पंपांच्या देखभालीत आयुष्य गेलेला माणूस. बोलणं तुटक, पण मुद्द्याचं. त्यांच्यासमोर फाईल उघडलेली नव्हती, म्हणून मी दोन्ही वाक्यं वाचून दाखवली.

“दुसरं परत वाचा.”

मी वाचलं.

“हे कुणी लिहिलंय? पंप कोरडा चालवायचा नाही. एक मिनिटसुद्धा नाही.”

का नाही, ते त्यांनी मला नीट समजावलं. मला ढोबळपणे ठाऊक होतं, पण त्यांच्या तोंडून ऐकणं वेगळं. शाफ्ट जिथून पंपाच्या बाहेर येतो तिथे पाणी गळू नये म्हणून मेकॅनिकल सील असतो. त्यात दोन गुळगुळीत कड्या एकमेकींना टेकलेल्या असतात, एक शाफ्टबरोबर फिरते, दुसरी जागेवर स्थिर. दोघींच्या मध्ये पंपातल्याच पाण्याचा अतिशय पातळ थर असतो. तोच वंगण आणि तोच थंडावा. पाणी नसेल तर कडीवर कडी घासते, बघता बघता तापते, तडकते, आतली रबराची रिंग करपते. नंतर पाणी भरून पंप सुरू केला की सीलमधून धार लागते. “आणि मग फोन येतो, साहेब, पंप नवाच खराब निघाला.”

“मग यादीतला ड्राय रन?” मी विचारलं.

ते क्षणभर थांबले. मग हसले. “अहो, तो ड्राय रन म्हणजे तालीम. मोटरचा पुरवठा बंद, पॅनलला कुलूप. माणसं जागेवर उभी करायची आणि क्रम म्हणून घ्यायचा. आधी सक्शनचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, डिलिव्हरीचा, म्हणजे पाणी बाहेर जाण्याच्या बाजूचा, बंद ठेवा, प्रायमिंग झालं का, म्हणजे पंप पाण्याने भरला का, बघा, मग स्टार्ट, मग डिलिव्हरी हळूहळू उघडा. कोण कुठे उभं राहणार, कोण कुणाला हाक मारणार, एवढंच. पंपाला हातही लावायचा नाही.”

म्हणजे एकाच मॅन्युअलमध्ये तेच दोन शब्द, पहिल्या ठिकाणी पंपाचा मृत्यू आणि दुसऱ्या ठिकाणी पंप न चालवता केलेला सराव. इंग्रजीत दोन्ही अर्थ अगदी रूढ आहेत, लिहिणाऱ्याला त्यात काही वावगं दिसलं नसणार. कार्यपद्धतीचं प्रकरण एकाने लिहिलं असेल, सुरक्षेचं दुसऱ्याने. दोघंही आपापल्या जागी बरोबर.

आता शब्द कोणता? माझ्या तोंडून आधी ‘रंगीत तालीम’ निघालं. साहेब म्हणाले, “पंपहाऊसमध्ये रंगीत तालीम? पोरं तोंडाला पावडर लावून येतील.” कोरड्याला रंगीत हा उतारा मला फार आवडला होता, पण त्यांचं म्हणणं खरं होतं. ‘चाचणी’ तर नकोच, चाचणी म्हटलं की कुणीतरी बटण दाबणारच. शेवटी ‘सराव’ ठरला, आणि त्यांच्या आग्रहावरून वाक्याच्या सुरुवातीलाच ‘मोटरचा वीजपुरवठा बंद करून व पॅनलला कुलूप लावून’ हे आलं. मूळ इंग्रजीत ते शब्द नव्हते. भाषांतरकाराने पदरचं घालू नये हे मी मानते, म्हणून म्हटलं, तुम्ही लेखी कळवा, मग घालते. त्यांनी पाच मिनिटांत मेल पाठवली.

सुरक्षेच्या प्रकरणात मी ‘पंप पाण्याशिवाय चालवू नये’ असं लिहिलं होतं आणि कंसात ‘ड्राय रन’, कारण पॅनलवरच्या दिव्याखाली तेच नाव छापलेलं असतं. यादीत मात्र ते नाव कुठेही येऊ द्यायचं नाही, यावर आमचं एकमत झालं.

फोन ठेवण्याआधी साहेबांनी मुलीला विचारलं, “बाकीच्या भाषांत काय लिहिलंय?”

तिला त्या भाषा येत नव्हत्या. तिने त्या त्या भाषांतरकारांना विचारलं. संध्याकाळपर्यंत उत्तरं आली. एकाने इंग्रजी शब्द तसाच ठेवला होता. एकीने तालीम असाच अर्थ घेतला होता. आणि एका भाषेत सॉफ्टवेअरने वरचं भाषांतर खाली भरलं होतं, ते कुणाच्या नजरेतून सुटलं होतं, आणि तपासणी यादी सरळ सांगत होती की पंप सुरू करण्याआधी तो एकदा पाण्याशिवाय चालवून घ्या. ती पुस्तिका पानं लावायला गेली होती, छापायला नव्हती. थांबवता आली.

त्यानंतर गोष्टी झटपट झाल्या. कंपनीने इंग्रजी मूळच बदललं. यादीतून ‘ड्राय रन’ काढून क्रमाचा सराव असं स्पष्ट लिहिलं आणि सगळ्या भाषांना नवी फाईल पाठवली. ‘रन’ शब्दसूचीतून काढून टाकायला मात्र सिस्टम तयार होईना. मग समन्वयक मुलीने प्रत्येक लाल ओळीवर ‘दुर्लक्ष करा’ दाबून शेजारी कारण टाइप केलं: पाइपचा पल्ला, केबल टाकणे, ग्रीस संपणे, असं एकेक. अर्धा दिवस गेला तिचा त्यात.

मला त्या नव्या फाईलमध्ये एकच वाक्य करायचं होतं. इंग्रजी शब्द बदललेले असल्यामुळे सॉफ्टवेअरने ते पुनरावृत्ती धरलं नाही, ‘नवीन’ धरलं, आणि त्याचे पैसे पूर्ण दराने लावले.