ट्रेसिंग जरूर करा, पण टायपिंगच्या कार्बनने नको

जलरंगात रंगवणाऱ्या हौशी मंडळींना आधीच सांगते, रेखाटन चित्राच्या कागदावर उतरवायला टायपिंगचा निळा कार्बन वापरू नका. त्यापायी माझा एक चांगला कागद वाया गेला आणि तो राग अजून गेलेला नाही.

मला वाईजवळच्या मेणवलीचा घाट रंगवायचा होता. मागे नाना फडणवीसांचा वाडा, घाटावर वसईच्या १७३९ च्या मोहिमेनंतर आणलेली मोठी घंटा, आणि खाली कृष्णेपर्यंत उतरत गेलेल्या पायऱ्या. त्या पायऱ्यांचं यथादर्शन, म्हणजे लांब जाताना लहान होत जाणाऱ्या रेघा, हाताने जुळवत बसलं की अख्खा रविवार जातो आणि रंगाला हातच लागत नाही. नोकरी सांभाळून रंगवणाऱ्याला ते परवडत नाही. म्हणून फोटोची ए-थ्री प्रिंट काढून घेतली. माझा कागद ११ बाय १५ इंची, प्रिंट त्याहून जराशी मोठीच, कडा छाटल्या की बसते.

घोडं अडलं ते पुढे. जलरंगाचा ३०० जीएसएमचा जाड कागद भर दुपारी खिडकीच्या काचेवर धरला तरी त्यातून खालची रेघ नीट दिसत नाही. म्हणून कार्बन आणायला गेले. कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याला मी स्पष्ट सांगितलं, जलरंगासाठी हवंय, रेघ नंतर खोडायची आहे. तो म्हणाला, "ताई, कार्बन सगळे सारखेच, बिनधास्त न्या." रेघा उमटल्या सुरेख. पण खोडरबर लावला की निळा डाग पसरायचा. हा कार्बन मेणट असतो, त्यामुळे पाणीही धरत नाही. आकाशाचा पहिला पातळ हात दिला तर घाटावरच्या देवळाच्या शिखराभोवती रंग रेघेच्या दोन्ही बाजूंना थबकला आणि मधे निळी रेघ तशीच कोरडी उघडी राहिली. दुकानात परत गेले तर उत्तर मिळालं, "रंगासाठी हवाय हे आधी सांगायचं ना!" आधी सांगितलं होतं हो, दोनदा!

खरा उपाय कंपासपेटीत असतो. प्रिंटच्या मागे ४बी, म्हणजे मऊ शिशाची पेन्सिल आडवी धरून घासा, फक्त जिथे रेघा आहेत तिथे. कापसाच्या बोळ्याने पुसून जादा भुकटी काढा. प्रिंट कागदावर ठेवून फक्त वरच्या कडेला मास्किंग टेप लावा, म्हणजे खालून उचलून काय उमटलं ते बघता येतं. गिरवायला लाल बॉलपेन घ्या, कुठली रेघ झाली ते कळतं. दाबू मात्र नका. कागदावर चर पडला की त्यात रंग साचतो आणि ती काळी रेघ कशानेच जात नाही.

फोटो काढतानाची गोष्ट राहिलीच. मोबाइलच्या वाइड लेन्सने अगदी जवळून काढलात तर कडेच्या भिंती तिरक्या होतात आणि तुम्ही ती चूक इमानदारीने गिरवता. मागे सरा, थोडा झूम करा.

ट्रेसिंग म्हणजे फसवणूक, असं म्हणणारे भेटतात. माझी आई भरतकामाचा नमुना पिनेने टोचून, रॉकेलमध्ये कालवलेली नीळ बोळ्याने घासून कापडावर उतरवायची. लघुचित्रं काढणारे चितारी टोचलेल्या खाक्यावरून, म्हणजे भोकं पाडलेल्या नमुन्यावरून, कोळशाची पूड झटकत. पॅरिसच्या लुव्र संग्रहालयातल्या, लिओनार्दोने काढलेल्या इझाबेला देस्ते या इटालियन राणीसाहेबांच्या रेखाटनाच्या रेषांवरही अशीच बारीक भोकं आहेत. मला तरी यात लाज वाटत नाही. चित्र स्पर्धेला पाठवायचं असेल तर नियम वाचा, आणि फोटो दुसऱ्याचा असेल तर त्याला विचारा.

सगळंच गिरवायचं नाही, हेही सांगते. मी फक्त पाण्याची कड, पायऱ्यांचे मुख्य उतार, शिखर आणि कमानी घेते. झाडं, माणसं, पाण्यातलं प्रतिबिंब हातानेच, नाहीतर चित्र ताठ होतं.

आणि रंगाला हात घालण्याआधी मळता येणारा खोडरबर रेघांवर नुसता टेकवून त्या फिक्या करून घ्या. एकदा रंग चढला की खालची पेन्सिल सहजासहजी निघत नाही.