एम्प्रेसची बादली

सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅस्ट्रो भागातल्या एका बारमध्ये ऑफिसातल्या मित्राने रविवारी दुपारी ड्रॅगच्या कार्यक्रमाला नेलं. दोन वीत उंच केसांचा टोप, टिकल्यांनी मढलेला घोळदार झगा घातलेली एक दांडगी बाई (मूळचा पुरुष, हे सांगायला नको) गाण्यावर ओठ हलवत टेबलांमधून फिरत होती. लोक दौलतजादा केल्यासारखे एकेक डॉलरच्या नोटा पुढे करत होते. मीही पाच डॉलर दिले. गाणं संपलं आणि बाईंनी मूठभर नोटा कोपऱ्यातल्या बादलीत रित्या केल्या. एकही स्वतःकडे ठेवली नाही. शेवटी खजिनदाराने सगळ्यांसमोर टेबलावर पैसे मोजले आणि माईकवरून एकूण रक्कम सांगितली. घरातून हाकललेल्या तरुण मुलांच्या निवाऱ्यासाठी होती ती. झगा, टोप, मेकअप? ते ज्याचं त्याने आपल्या खिशातून करायचं.

मला त्या झग्याचं नाही, त्या मोजणीचं अप्रूप वाटलं. आमच्या इथल्या मंडळात दिवाळीच्या कार्यक्रमाचं तिकीट घेताना हात आखडला तर लगेच तोंडं वाकडी होतात, पण हॉलचं भाडं किती, जेवणाचं किती, उरलं किती, हे कधी माईकवरून ऐकलेलं नाही. सोसायटीच्या गणपतीची वर्गणी आठवा. पावती मिळते, पुढचं गणपतीलाच ठाऊक. अर्थात आपल्याकडेही कितीतरी मंडळं रक्तदान करतात, दवाखान्यांना मदत करतात, हिशेबाचा फलक मांडवात लावतात. सगळ्यांना एकाच मापाने मोजू नये. पण आमच्या मंडळाला मी मोजणार.

ही बादलीची पद्धत जिथून आली, ती इंपीरियल कोर्ट नावाची परंपरा याच शहरातली. ती सुरू करणारा होजे सारिया हा दुसऱ्या महायुद्धात सैन्यात असलेला माणूस. ब्लॅक कॅट नावाच्या बारमध्ये तो दर रविवारी ऑपेराची विडंबनं करायचा. तेव्हा इथे बायकांचे कपडे घातलेल्या पुरुषाला 'फसवणुकीच्या हेतूने' या कलमाखाली पोलीस उचलायचे. सारियाने 'मी मुलगा आहे' असं लिहिलेल्या पट्ट्याच वाटल्या. झग्याला लावा, मग फसवणूक कसली? १९६१ मध्ये समलिंगी असल्याचं न लपवता तो शहराच्या पर्यवेक्षक मंडळाच्या (आपल्याकडच्या नगरपालिकेसारखं) निवडणुकीला उभा राहिला. पडला, पण हजारो मतं घेऊन पडला.

१९६५ मध्ये बारवाल्यांच्या संघटनेने त्याला नृत्यसमारंभाची राणी केलं. राणी तर मी आधीचीच ('क्वीन' म्हणजे ड्रॅग करणारा पुरुषही), म्हणून त्याने स्वतःला सम्राज्ञी जाहीर केलं. पूर्ण पदवी : एम्प्रेस होजे पहिली, नॉर्टनची विधवा. हा नॉर्टन म्हणजे १८५९ मध्ये स्वतःला अमेरिकेचा सम्राट म्हणवून घेणारा इथला एक कफल्लक व्यापारी. तो १८८० मध्ये वारला. सारिया जन्मायच्या कितीतरी आधी. तरीही त्याची 'विधवा' कोल्माच्या दफनभूमीत त्याच्या थडग्यावर नटूनथटून जायची. २०१३ मध्ये सारिया गेला तेव्हा त्यालाही तिथेच, नॉर्टनजवळ पुरलं.

थट्टेतून निघालेल्या या दरबाराच्या शाखा आज अमेरिका, कॅनडा, मेक्सिकोत आहेत. एम्परर आणि एम्प्रेस वर्षभरासाठी असतात आणि त्या वर्षात कार्यक्रमांमागून कार्यक्रम करून पैसे जमवणं हेच त्यांचं राज्य. एड्सच्या काळात, सरकार हात झटकून बसलं होतं तेव्हा, औषधपाण्याला आणि जेवणाखाण्याला असल्याच बारमधल्या नोटा कामी आल्या.

घरच्या ग्रुपवर फोटो टाकला. "तिकडचे चाळे," चुलतभावाचं उत्तर. मग मीही इरेला पेटले. १९२१ मध्ये मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी एकत्र येऊन 'संयुक्त मानापमान' केलं, ते टिळक स्वराज्य फंडासाठी. भामिनी झाले होते बालगंधर्व. लोकांनी तिकिटांना भरमसाट पैसे मोजले, पैसा देशकार्याला गेला, आणि आपण शंभर वर्षं त्याच्या आठवणी सांगतोय. "ती कला होती, बरोबरी करू नकोस," भाऊ म्हणाला. बरोबरी नाही तर नाही. बालगंधर्वांच्या गाण्यापुढे इथलं ओठ हलवणं काहीच नाही, हे मी ड्रॅगवाल्यांच्या तोंडावरही सांगेन. (सांगितलं नाही. पाच डॉलर देऊन एवढा आगाऊपणा शोभत नाही.) पण पुरुषाने शालू नेसून चांगल्या कामाला पैसे उभे केले याचा अभिमान बाळगणाऱ्यांनी दुसऱ्याच्या झग्याला नावं ठेवू नयेत.

आईने मात्र वेगळंच विचारलं. "एवढ्या टिकल्या हाताने शिवल्या की मशीनवर?"

मित्राला विचारून कळवलं, हातानेच. त्याच बोलण्यात त्याने सांगितलं की पुढची एम्प्रेस लोकांच्या मतांनी ठरते आणि मत द्यायला नागरिकत्व लागत नाही, पत्त्याचा पुरावा पुरतो. इतकी वर्षं इथे कर भरतेय, मत कशालाच नाही. विजेचं बिल काढून ठेवलंय.