देवबागच्या विहिरीचं पाणी
शनिवारी पहाटे कोल्हापुरातनं राधानगरीवरनं फोंडा घाट उतरून मालवणजवळच्या देवबागला पोचलो. गेली बरीच वर्षं आम्ही एकाच घरी उतरतो, आधी दोन खोल्या होत्या, आता सात झाल्यात, एसी-शॉवर सगळं. सवयीनं विहिरीवरच्या कळशीतनं तांब्याभर पाणी तोंडाला लावलं तर मचूळ! काकी आतनं ओरडल्या, "तां पिव नको रे झिला, बावीचा पाणी आता खारट झालाहा." चहासुद्धा जारच्या पाण्याचा.

आता देवबाग म्हणजे काय, एका बाजूला समुद्र, दुसरीकडं कर्ली नदी आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. पावसाचं गोडं पाणी त्या वाळूत मुरतं आणि हलकं असल्यामुळं खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. रहाटानं उपसायचे तोवर पुरायचं, पण मोटर लावून टाक्या भरायला लागलं की खालचं खारं वर चढतं. त्यात सांडपाण्याचे शोषखड्डे पण त्याच वाळूत.

आणि उपसतंय कोण तर आम्हीच की. आम्ही नऊजण, समुद्रात डुंबून आलं की शॉवर, संध्याकाळी परत शॉवर. सुट्टीत अंबाबाईला गर्दी झाली, महाद्वार रोड तुंबला की आपण बाहेरच्या गाड्यांना शिव्या घालतो, आणि इथं गल्लीत बघावं तर निम्म्या गाड्या एमएच झिरो नाइन, आपल्या कोल्हापूरच्याच!

स्कुबाला गेलो तिथंही तेच. पोरगा बजावून सांगत होता प्रवाळावर पाय ठेवू नका, तरी आमच्यातल्या एकानं फोटोसाठी ठेवलाच. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 चं, सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा झाला 1997 ला, म्हणजे अभयारण्य दहा वर्षांनी थोरलं, पण बोर्ड सगळे वॉटर स्पोर्ट्सचे.

जाऊच नका असं मी म्हणणार नाही, मासळीवर आता भागत नाही म्हणूनच तर काकींनी खोल्या काढल्यात. पण पाणी किती आहे ते बघून खोल्यांना परवानगी द्यायला काय हरकत आहे? काकींच्या मुलाला म्हटलं शॉवर काढून टाक, तर म्हणाला दादा, रेटिंग पडतं.

रविवारी सकाळी काकींकडं बादली आणि तांब्या मागितला तर त्या घाबऱ्याघुबऱ्या होऊन म्हणाल्या, "शॉवर बंद पडलो काय?"